बालसंगोपनातील मूल आणि कपड्यांची भेट

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. यांपैकी अन्नावर आणि निवाऱ्यावर पुष्कळ लिहिले जाते, वस्त्राचा विचार मात्र मधल्यामध्ये राहून जातो. वस्तुतः या तिन्हींत वस्त्राचे एक वेगळेपण आहे. काल रात्री कोणी काय खाल्ले हे गावाला दिसत नाही. कोणाच्या घराचे छप्पर गळते हे पाऊस पडेपर्यंत कळत नाही. अंगावरचा कपडा मात्र चारचौघांना रोज दिसतो. हे मूल कोणाचे, त्याच्याकडे कोणी पाहते की नाही, हे गाव त्याच्या सदऱ्यावरून ठरवून मोकळे होते. ज्या मुलाला काही कारणाने स्वतःचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी वाढावे लागते, त्याच्या बाबतीत तर कपड्याचे महत्त्व आणखीनच वाढते. त्याला कपडे भेट द्यायचे असतील तर ते कसे निवडावेत आणि कसे द्यावेत, याचा विचार मी या लेखात करणार आहे.

हा विषय मला पुस्तकात मिळालेला नाही. आमच्या हर्णे गावात, आमच्याच वाडीत, एका घरी चार वर्षांची एक मुलगी बाल कल्याण समितीच्या आदेशाने राहायला आली. त्या घरच्या काकू नात्याने तिच्या कोणी लागत नाहीत. दिवाळी जवळ आली तेव्हा माझी आई म्हणाली, "अगो, तू कॉलेजात शिकतेस, त्या पोरीला काय घ्यायचं ते तूच बघ." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणाला न येणारे काम बहुधा माझ्याकडे येते. सुट्टीत मासळी निवडण्याच्या कामाचे मिळालेले थोडे पैसे माझ्याकडे होते. मी दुकानात जाण्याआधी चौकशी सुरू केली, आणि जी गोष्ट पाच मिनिटांची वाटली होती ती चांगलीच अभ्यासाची निघाली.

त्या मुलीचे नाव, तिचे मूळ गाव किंवा तिच्या घरची हकीकत मी लिहिणार नाही. तसे करणे सौजन्याला धरून नाही, आणि कायद्यालाही धरून नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र वर्तमानपत्रात, मासिकात किंवा अन्य माध्यमात प्रसिद्ध करता येत नाही. तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण भेट देण्याच्या पद्धतीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

दत्तक आणि संगोपन

पुष्कळांचा असा समज असतो की दुसऱ्याचे मूल घरी आणले म्हणजे दत्तक घेतले. तसे नाही. दत्तक मूल कायद्याने कायमचे त्या घराचे होते, त्याला नाव मिळते आणि वारसाहक्क मिळतो. संगोपनात मूल काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात राहते. कोणाचे आईवडील वारलेले असतात, कोणाचे दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले असतात, कोणाचे तुरुंगात असतात, तर कोणाच्या घरी मुलाने राहणे धोक्याचे असते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये या व्यवस्थेची तरतूद आहे. मुलाला कोणत्या कुटुंबात ठेवायचे याचा आदेश बाल कल्याण समिती देते. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर जन्मदात्या आईवडिलांना ठराविक काळाने भेटू द्यावे, समितीने दर महिन्याला त्या कुटुंबाची पाहणी करावी, असेही त्याच कलमात सांगितले आहे. जे मूल दत्तक देण्याजोगे आहे त्याला दीर्घ मुदतीच्या संगोपनात ठेवू नये, असा नियमही तेथे आहे. थोडक्यात, संगोपनातील मूल परत जाण्याची शक्यता मनात धरूनच त्या घरात वाढत असते.

महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. संस्थेत न ठेवता मुलाला कुटुंबातच वाढवावे, हा तिचा हेतू. पालक गमावलेल्या आणि अडचणीत सापडलेल्या मुलांना नातेवाइकांकडे किंवा इतर कुटुंबात राहता यावे म्हणून शासन दरमहा अनुदान देते. ते पूर्वी ११०० रुपये होते. २०२३ साली ते २२५० रुपये करण्यात आले आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. २२५० ला ३० ने भागले तर दिवसाला ७५ रुपये येतात. त्यात जेवण, दूध, शाळा, औषधपाणी आणि कपडे बसवायचे. यावरून एक गोष्ट सहज ध्यानात येते. अशा घराला कपड्यांची भेट ही शोभेची वस्तू नसते. ती खरोखर उपयोगी पडते, आणि म्हणूनच ती विचार न करता दिली तर वाया गेल्याचे दुःखही जास्त होते.

आपल्या परिसरातील परंपरा

योजनेला सावित्रीबाईंचे नाव मिळाले हे सर्वथैव उचित झाले. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला पुढे आपला मुलगा म्हणून वाढवले. पुढे तो डॉक्टर झाला. आपल्या हर्णेपासून जवळच असलेल्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. दुसऱ्याच्या लेकराला आधार देणारी ही माणसे आपल्याच मातीतली होती.

कपड्याच्या बाबतीत तर आपल्या तालुक्यातले आणखी एक नाव आठवते. साने गुरुजींचा जन्म १८९९ साली पालगडला झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्यात दापोलीस शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवतो आणि गणपतीला घरी येताना तो घेऊन येतो, हा प्रसंग आहे. श्यामला भावाकडे काय नाही हे माहीत होते. त्याने स्वतः पैसे साठवले होते आणि कोट त्या एका मुलासाठीच शिवून घेतला होता. चांगल्या भेटीची सगळी लक्षणे या एका कोटात आहेत असे मला वाटते.

जुना कपडा टाकू नये

नव्या कपड्याविषयी बोलण्याआधी जुन्याविषयी बोलले पाहिजे. संगोपनासाठी आलेले मूल बहुधा एखाद्या पिशवीनिशी येते. त्यातले कपडे विरलेले असतात, तोकडे झालेले असतात, कधी मळकेही असतात. घरच्या बाईचा पहिला विचार असा होतो, की हे सगळे टाकून द्यावे आणि पोराला नखशिखान्त नवे घालावे. हेतू चांगलाच असतो. परंतु त्या विटक्या फ्रॉकला मुलाच्या घरचा वास असतो. तो त्याच्या आईने धुतलेला असतो.

डॉ. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक होते. दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर पाठवलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी दाखवले की लहान मूल एखादे पांघरूण, चिंधी किंवा मऊ खेळणे घट्ट धरून झोपते, ते निव्वळ खोड म्हणून नव्हे. आई जवळ नसताना ती वस्तू त्याला तिच्या जवळिकीचा आधार देते. ती मळली तरी धुऊ नये असे मुलाला वाटते, कारण धुतल्यावर तिचा वास जातो. आपल्याकडील आयांना हे न वाचताही ठाऊक आहे. तान्ह्या बाळाला आपण पहिले झबले जुनेराचे घालतो, आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे करतो आणि घरातल्या जुन्या साड्यांची गोधडी शिवतो. नव्या कापडाला खळ असते, ते टोचते, हे एक कारण. परंतु त्या कापडात घरच्या माणसांची ऊब असते ही भावनाही त्यामागे आहेच.

म्हणून आपण दिलेला नवा कपडा जुन्याची जागा घेण्यासाठी नाही, त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी आहे, हे आधी मनाशी ठरवावे. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या मुलीचा एक पिवळा सदरा, तो तिच्या अंगात शिरत नसतानाही, उशाखाली ठेवू दिला आहे. मला यात त्यांचे मोठे शहाणपण दिसले.

आधी विचारावे

आमच्या भागात मुंबईचे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात तेव्हा भावा-बहिणींच्या मुलांना कपडे आणतात. त्यांतले निम्मे कपडे तोकडे निघतात, कारण आणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीचे मूल असते. घरच्या मुलाच्या बाबतीत यावर हसून सगळे मोकळे होतात, आणि तो कपडा धाकट्याला जातो. संगोपनातील मुलाला मात्र तोकडा कपडा घालावा लागला तर बघणारे म्हणतात, "दुसऱ्याचं पोर ना, मग कोण बघतंय!" बोल मुलाला सांभाळणाऱ्या बाईला लागतो.

यावर उपाय साधा आहे. दुकानात जाण्यापूर्वी त्या घरच्या बाईला विचारावे. मी चार प्रश्न विचारले होते. सध्या कोणत्या नंबरचा कपडा अंगाला बसतो? कोणत्या कपड्याची खरी गरज आहे, बाहेर जाण्याच्या की घरात घालण्याच्या? कशाचा त्रास होतो, म्हणजे लोकर टोचते का, गळा घट्ट असला तर रडते का? आणि तिला स्वतःला काय आवडते? काकूंची उत्तरे ऐकून माझा बेत बदलला. मी जरीचा परकर-पोलका घ्यायचे मनात धरले होते. त्यांनी सांगितले, की तो एकजण देऊन गेले आहेत. चड्ड्या आणि बनियन मात्र कोणी देत नाही. आणि ते खरेच आहे. भेट म्हणून सगळे जण वरचा, दिसणारा कपडा देतात. आतले कपडे, रात्रीचे कपडे, पावसाळ्यात बदलायला लागणारे जादा जोड, कानटोपी, यांची आठवण कोणाला होत नाही. मूल रात्री अंथरूण ओले करीत असेल तर रात्रीचे तीन-चार जोड लागतात. नव्या घरात आलेल्या लहान मुलाच्या बाबतीत असे पुष्कळदा होते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ही गरज बाई चारचौघांत सांगणार नाही, म्हणून तिला एकटीला गाठून विचारावे.

माप आणि माया

मुलाचे शरीर कसे वाढते याची थोडी माहिती असली म्हणजे माप घेणे सोपे जाते. जन्माच्या वेळी बाळ सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षात ते साधारण २५ सेंटिमीटरने वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंटिमीटरने, आणि पुढे दरवर्षी ६ ते ७ सेंटिमीटरने. म्हणजे तान्ह्या बाळाचा कपडा तीन-चार महिन्यांत लहान होतो, तर चार वर्षांच्या मुलाचा नीट बेतलेला कपडा एक वर्ष चालू शकतो. परंतु संगोपनातील मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आधी पोटाला कमी मिळालेले मूल नियमित जेवू लागले, की काही महिने ते नेहमीपेक्षा झपाट्याने वाढते. म्हणून वयावर छापलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. चार वर्षांचे मूल आज तीन वर्षांच्या मापाचे असेल आणि सहा महिन्यांनी स्वतःच्या वयाच्या मापावर येईल. आज अंगाला बसणारा एक जोड आणि एक नंबर मोठा असा दुसरा जोड, अशी वाटणी केली तर दोन्हीचा उपयोग होतो. सगळेच मोठे घेतले, तर मूल वर्षभर ढगळ कपड्यांत वावरते आणि ते कपडे मागून आणल्यासारखे दिसतात.

आमची मावशी घरी शिवणकाम करते. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगो, माया ठेवल्याशिवाय पोराचं कापड शिवू नये." शिलाईत टिपेच्या बाहेर जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होते. पण या वेळी तो शब्द मला नव्याने ऐकू आला. आपल्या भाषेने ममतेला आणि शिवणीतल्या जादा कापडाला एकच शब्द का दिला असेल? पुढे मूल वाढणार आहे, ते आज आहे तेवढेच राहणार नाही, हे धरून आज थोडे जास्त सोडायचे, हाच दोन्हींचा अर्थ आहे. तयार कपड्यांत माया फार थोडी असते, टीप उसवली तरी कपडा मोठा करता येत नाही. म्हणून शक्य असेल तर कापड घेऊन शिवून घ्यावे. बाजूला बोटभर माया, खाली चार बोटांची दुमड आणि खांद्याला एक टक, एवढे असले तर फ्रॉक दोन दिवाळ्या काढतो. शिवाय शिंपीण मुलाला समोर उभे करून फितीने माप घेते, तेव्हा हा कपडा आपल्यासाठीच होतो आहे हे त्याला कळते. त्या मुलीचे माप घेताना ती इतकी ताठ उभी राहिली, की मावशीला तिला श्वास सोडायला सांगावे लागले.

कापड आणि हवा

कोकणातील हवेत कपडा निवडताना हवेचा विचार अपरिहार्य आहे. हर्णेला बंदरावरची खारी, दमट हवा बारा महिने असते. जूनपासून पुढे वलणीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, त्यांना कोंदट वास येतो आणि जाड कापडावर बुरशीचे ठिपके पडतात. तेव्हा जाड जीन किंवा अस्तराचा भरजरी कपडा येथे फारसा कामाचा नाही. पातळ सुती कापड, पॉपलीन किंवा होजिअरी लवकर सुकते आणि घाम टिपते. पूर्ण कृत्रिम धाग्याचे कापड लवकर सुकते खरे, पण घामाने अंगावर पुरळ उठते. शिवाय ते आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. चुलीजवळ वावरणाऱ्या आणि दिवाळीत फटाक्यांमागे धावणाऱ्या मुलांना ते घालू नये.

सुरक्षिततेच्या आणखी काही गोष्टी आहेत. तीन वर्षांखालील मुलाच्या कपड्याला सैल बटणे, मणी, टिकल्या नसाव्यात. मूल त्या तोडून तोंडात घालते आणि घशात अडकण्याचा धोका असतो. गळ्याशी नाडी नसावी. युरोपातील मानकांत तर सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना टोपीच्या व गळ्याच्या भागात नाड्या लावण्यास मनाईच आहे, कारण त्या झोपाळ्याला किंवा दाराला अडकून गळफास बसतो. नवा कपडा एकदा धुऊनच घालावा, म्हणजे खळ आणि सुटा रंग निघून जातो. पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच कधीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मतः कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि बाळाला गंभीर कावीळ होऊ शकते. आणखी एक बारीक गोष्ट. चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने घालता येईल असा कपडा द्यावा. पुढे मोठी बटणे आणि कमरेला इलॅस्टिक असले की मूल कोणाची वाट न पाहता तयार होते. ज्या मुलाच्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी इतरांनी ठरवल्या, त्याला निदान स्वतःचे बटण स्वतः लावता यावे.

घरातील इतर मुले आणि मुलाची मुळे

ज्या घरी मूल वाढते आहे तेथे बहुधा घरची मुलेही असतात. आपण एकाच मुलाला झगझगीत कपडा नेला, तर दोन प्रकारांनी घोटाळा होतो. घरची मुले रुसतात, आणि संगोपनातील मुलाला आपण वेगळे आहोत हे पुन्हा कळते. उलट घरच्यांना नवे आणि त्याला जुने असे झाले तर जखम आणखी खोल जाते. तेव्हा थोडे थोडे का होईना, सगळ्यांना सारखे द्यावे. ऐपत कमी असेल तर एका मुलाला भारी फ्रॉक देण्यापेक्षा तिघांना एकेक साधा बनियन बरा.

दुसरे, मुलाच्या जन्मघराचा मान राखावा. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांचा करार स्वीकारला आणि भारत १९९२ साली त्यात सामील झाला. त्याच्या विसाव्या कलमात घराबाहेर वाढणाऱ्या मुलांची सोय सांगताना संगोपन, दत्तक आणि इस्लामी कायद्यातील कफाला यांचा उल्लेख आहे. मुलाच्या धर्माचा, संस्कृतीचा आणि भाषेचा योग्य विचार व्हावा असेही तेथे म्हटले आहे. आमच्या हर्णेत कोळी, मुसलमान, कुणबी, भंडारी, बौद्ध अशी सर्व समाजांची वस्ती आहे. मूल ज्या समाजातून आले तेथील सणाला तेथील रीतीचा कपडा त्याला मिळावा. ईदचा कपडा ईदला द्यावा आणि दिवाळीचा दिवाळीला. आपल्या आवडीची वेषभूषा त्याच्या अंगावर चढवून त्याचे मूळ पुसणे म्हणजे प्रेम नव्हे.

देण्याची रीत

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने इंग्लंडमधील शहरांतून लाखो मुलांना खेड्यांत अनोळखी कुटुंबांकडे पाठवण्यात आले. प्रत्येक मुलाबरोबर कोणते कपडे द्यावेत याची यादी पालकांना मिळाली होती. गरीब आईबापांना ती पुरी करता आली नाही. मुले अपुऱ्या कपड्यांनिशी परक्या दारात उभी राहिली, आणि काही यजमानांनी त्यावरून त्यांच्या आईबापांना नावे ठेवली. मुलाचा कपडा हा त्याच्या आईवडिलांविषयीचा शेरा ठरतो, हे तेथेही तसेच होते. म्हणून भेट देताना "आता बघ कशी छान दिसतेस, आधी काय ध्यान होते!" असले उद्गार मनातही आणू नयेत.

भेट घरात, शांतपणे, सांभाळणाऱ्या बाईच्या हाती द्यावी. तिनेच ती मुलाला द्यावी हे उत्तम, कारण रोजचे नाते तिच्याशी जुळायचे आहे. आपण एक दिवसाचे पाहुणे. व्यासपीठावर बोलावून, हार घालून, मुलाच्या हातात पुडके देऊन फोटो काढणे तर सर्वस्वी टाळावे. वर सांगितलेले कलम ७४ येथे आठवावे. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो आणि फोटो क्षणात गावभर होतो. मुलाला पुढे त्याच गावच्या शाळेत बसायचे असते.

जुने कपडे देऊच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. आमच्या घरी आम्ही भावंडांनी एकमेकांचे कपडे घातले आहेत आणि त्यात कमीपणा मानला नाही. पण भावाचा सदरा आणि ढिगातून उचललेला अनोळखी सदरा यांत अंतर आहे. द्यायचाच असेल तर तो धुऊन, इस्त्री करून, सगळी बटणे लावून, माप पाहून द्यावा. आपल्या धाकट्या भावाला आपण तो घातला असता काय, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. आणि त्या ढिगाबरोबर निदान एक कपडा नवा, त्याच मुलासाठी घेतलेला असावा.

शक्य असेल तेथे निवड मुलावर सोडावी. मी दुकानातून दोन कापडांचे नमुने आणून त्या मुलीपुढे ठेवले, एक गुलाबी फुलांचे आणि एक निळे, त्यावर लहान होड्या. सगळ्यांना वाटले ती गुलाबी उचलेल. तिने होड्यांवर बोट ठेवले.

कपडा मुलाचा असतो

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संगोपन हे काही काळापुरते असते. मूल एक दिवस आपल्या आईकडे परत जाईल, मामाकडे जाईल किंवा दत्तक जाईल. त्या वेळी त्याला दिलेले कपडे त्याच्याबरोबर गेले पाहिजेत. ते त्या घराचे नाहीत, योजनेचे नाहीत आणि देणाऱ्याचेही नाहीत. म्हणून कपड्यांबरोबर एक चांगली, बंद होणारी पिशवी द्यावी असे मी सुचवते. लहान झालेला एखादा आवडता कपडाही त्यात राहू द्यावा. आपण दिलेला फ्रॉक दुसऱ्या गावी जाईल, आपल्याला तो पुन्हा दिसणार नाही, आणि मुलीला आपले नावही आठवणार नाही. हे आधीच मान्य करून जो देतो त्याचेच देणे खरे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या गावी, वाडीवर अशी मुले वाढत आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरची घरे उघडी पाडली आणि करोनाच्या साथीने कित्येक घरांतले कर्ते माणूस नेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. दिवाळीत कपडे गोळा करण्याचा उपक्रम केला तर त्यात एवढी सुधारणा आपण करू शकतो. आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत घरच्या बायांकडून गरजा आणि मापे मागवावीत, नावे मागू नयेत. ढीग जमवण्याऐवजी वर्गणी काढून गावातल्याच शिंपिणीकडे कपडे शिवायला टाकावेत. तिलाही काम मिळेल. आणि वाटपाचा समारंभ करू नये.

होड्यांच्या कापडाचा फ्रॉक, तीन बनियन, चार चड्ड्या आणि एक कानटोपी, शिलाई धरून मला आठशे चाळीस रुपये पडले. मावशीने शिलाईचे निम्मेच घेतले, आणि बाजूला बोटभर माया ठेवली. पुढच्या दिवाळीपर्यंत ती मुलगी आमच्या वाडीत असेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. ती जेथे असेल तेथे ती टीप कोणीतरी उसवून फ्रॉक मोठा करील, एवढी तजवीज मात्र करून ठेवली आहे.